बैल पारखणाऱ्याच्या घरातला सर्फबोर्ड

आमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे हे मला आजही तोंडपाठ नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, तरी नाही. कारण गावात हा प्रश्न कोणी विचारतच नाही. हिंगोलीची गाडी गेली का, औंढ्याला आज बाजार आहे का, सिद्धेश्वरचं पाणी कालव्याला सुटलं का, असलं विचारतात. समुद्राचं कोणाला काय पडलंय? अशा गावात राहून मी, चाळिशी उलटलेली, उजवा गुडघा कुरकुरणारी, दोन लेकरांची माय, सर्फबोर्ड विकत घ्यायला निघाले. सर्फबोर्ड म्हणजे लाटेवर उभं राहायची फळी. आमच्या जिल्ह्यात तिचा उपयोग काय, असं विचाराल तर काहीच नाही. मला तेच आवडलं होतं.

झालं असं, की आमच्या शाळेची सहल कोकणात गेली. तोवर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लाट काढत आले होते. वर शीर्ष, खाली द्रोणी, बाजूला बाण, काढा रे वहीत. खरा समुद्र मी पाहिलेला नव्हता, आणि त्यानं माझ्या शिकवण्यात काडीचा फरक पडला नव्हता. ज्वालामुखी तरी मी कुठं पाहिलाय? तर तिथं किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारा एक माणूस होता. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, उन्हानं करपलेला मालवणी गडी, चार-दोन बोर्ड वाळूत मांडून बसला होता. पोरांनी गलका केला. मुख्याध्यापक म्हणाले, लेकरांना पाण्यात सोडायचं नाही, जबाबदारी कोण घेणार? त्यांचं बरोबरच होतं. मी म्हटलं, "सर, मी तर लेकरू न्हाई ना?" ते काही बोलायच्या आत मी ओढणी कमरेला घट्ट बांधली.

पोहायला मी लहानपणी विहिरीत शिकले होते, पाठीला रिकामा डबा बांधून. त्यामुळं भीती नव्हती. पण विहीर गुपचूप एका जागी उभी राहते हो. समुद्र तसला नाही. तो अंगावर येतो, नाकात शिरतो, ओढणी पळवतो आणि वर खारट तो खारट. मी पडले, उठले, परत पडले. किनाऱ्यावर आमची सगळी सहावी-सातवी "बाई पडल्या, बाई पडल्या" म्हणून नाचत होती. आणि मग एकदा, कसं कोण जाणे, मी त्या फळीवर उभी राहिले. किती वेळ? 'अगं बाई' म्हणायला लागतो तेवढा. पण तेवढ्यात खालून काहीतरी मला उचलून पुढं घेऊन गेलं, आणि मला इतका आनंद झाला की मी बावळटासारखी मोठ्यानं हसले आणि हसता हसता पाणी प्याले.

त्या माणसानं मला बाहेर ओढलं आणि म्हणाला, "बाई, तुमका जमतला. पण भाड्याचो बोर्ड आज एक, उद्या दुसरो. आपलो आसलो की पाय ओळखतत." हंगाम संपला की तो जुने बोर्ड विकून नवे आणणार होता. म्हणाला, फोनवर दाखवतो, बघून घ्या. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. दर सुट्टीत तिकडं जायचं. आणि मधल्या दिवसांत सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी आहेच. तिथं लाट नाही, पण बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारत जायचं, हे अर्धं काम तर शिकता येतं. पैसे माझ्या पगारातले. मग अडचण काय होती?

अडचण ही होती, की मी आयुष्यात कधी काही निवडलंच नव्हतं. आता कोणी म्हणेल, बाई, नोकरी करता, सही करता, हे काय बोलून राहिल्या? पण खरंच आठवून बघितलं. डी.एड. केलं, कारण बाबांच्या मित्राच्या पोरीनं केलं होतं. नवरा बघायला चार माणसं गेली, त्यात मी नव्हते. स्कुटी घेतली ती मरून रंगाची, कारण धाकट्या दिरांना तो रंग भारदस्त वाटला. साड्या तर लग्नाकार्यात येतात आणि लग्नाकार्यात जातात, दुकानात जाऊन पदर पसरून बघायची वेळच येत नाही. माझ्या दोन्ही लेकरांची नावं माझ्या नणंदेनं ठेवली, कारण आत्यानं ठेवायची अशी रीतच आहे. माझा कोणी छळ केला का? अजिबात नाही. माणसं चांगली आहेत. चांगल्या माणसांनीच तर सगळं माझ्यासाठी निवडलं. म्हणूनच हा एक बोर्ड मला माझ्या मनानं निवडायचा होता. चुकला तर चुकला, पण चूक तरी माझी असू दे. एवढीच माझी हौस होती आणि तिच्यापायी मी किती दिवस मनातल्या मनात उड्या मारत होते.

आणि मग मी ते जेवताना बोलून गेले. नवऱ्याला सांगत होते, हळूच. पण आमच्या घरात 'घ्यायचं आहे' हे शब्द उच्चारले की भिंतीपलीकडं बसलेल्या सासऱ्यांचे कान टवकारतात.

माझे सासरे, आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो, हे एकेकाळी आसपासच्या गावांत बैल पारखण्यासाठी प्रसिद्ध होते. कोणाला जोडी घ्यायची असली की आधी मामांना गाडीत बसवायचं आणि मग बाजाराला निघायचं. मामा जनावराभोवती एक फेरी मारायचे, तोंड उघडून दात बघायचे, कातडीवरचे भोवरे कुठं आहेत ते बघायचे, शेपटी उचलायचे, आणि मग एक शब्द बोलायचे. घे, किंवा सोड. त्या शब्दावर लोक सौदा करायचे. त्यांचा खरा जीव मात्र शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत. लाल कंधारी जातीचा गोऱ्हा कमरेत बारीक आणि डोळ्यात तेज असला की मामांचं भान हरपायचं. पण आता शेतात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचे दात कोण बघणार? कित्येक दिवसांत कोणी मामांना बाजाराला चला म्हटलं नव्हतं. त्यामुळं सुनेला काहीतरी घ्यायचंय म्हटल्यावर मामांनी आतून आवाज दिला, "कधी जायाचं बघायला?"

मी म्हटलं, "मामा, जायाचं न्हाई कुठं. फोनवर दाखवणार हाये तो."

"फोनवर तर फोनवर. म्या बसतो."

म्या बसतो! झालं. आता काय बोलणार? नवऱ्याकडं पाहिलं तर ते भाकरीचा तुकडा असा निरखून राहिले जणू त्यात हरवलेलं पाकीट सापडणार आहे. आमचे हे वीज कंपनीत आहेत, गावभर तारा जोडतात, पण घरात माझी आणि त्यांच्या बापाची तार कुठं चिकटली की हा माणूस खांबावरून खाली उतरतच नाही.

रविवारी सकाळी फोन यायचा होता. मी सातलाच अंघोळ करून तयार. अंगणात येऊन बघते तर मामा धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, अशा बाजाराच्या पोशाखात बाजेवर बसलेले. शेजारी नवरा, मोबाइलवर आधीच सतरा व्हिडिओ बघून शहाणा झालेला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पानाचा डबा घेऊन. जनावर बघायला एकट्यानं जाऊ नये, चार माणसं पाहिजेत, ही मामांची शिस्त. मी चौथी. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आणि पडद्यावर तो मालवणी माणूस, मागं समुद्र, असा दिसायला लागला. आमच्या अंगणात समुद्राचा आवाज आला तशी गोठ्यातली म्हैस एकदा ओरडली.

त्यानं तीन बोर्ड दाखवले. पहिला पांढरा, आखूड, पुढं टोकदार, मधोमध लाल पट्टा, चकचकीत. दुसरा मधल्या मापाचा, पिवळा. तिसरा निळा, नऊ फुटी, रुंद, जाड, वरून मऊ फोमचा, उन्हानं विटलेला, आणि कडेला दोन-तीन ठिकाणी चेमटलेला.

"थांब," मामा म्हणाले. "पहिल्याला फिरव."

त्यानं पांढरा बोर्ड फिरवला.

"तोंड दाखव."

"तोंड?" तो गोंधळला.

"म्होरचं टोक हो," मी म्हटलं. त्यानं टोक कॅमेऱ्याजवळ आणलं. मामांनी मान तिरपी करून ते असं बघितलं की मला वाटलं आता दात मोजतात.

"आता उलटा कर." त्यानं उलटा केला. सर्फबोर्डच्या खाली, शेपटीकडं, माशाच्या परांसारखे तीन पंख असतात. बोर्ड घसरू नये, वळावा म्हणून. मामांच्या कपाळाला आठी पडली. "तीनच पाय? चौथा कुठं गेला?"

"बाबा, तीनच असतात," नवरा म्हणाला. व्हिडिओ बघितलेले कामी आले.

"आसू दे. कातडी साफ हाये. कंबर बारीक. भोवरा कुठं दिसत न्हाई." मग त्यांनी बोर्डला बांधलेली दोरी पाहिली. ही दोरी पायाला बांधतात, म्हणजे पडल्यावर बोर्ड लाटेबरोबर निघून जात नाही. "हे बघ, दावं बी दिलंय. म्हंजे पळून जात न्हाई. ह्योच घ्यायचा."

"मामा, बाकीचे तर बघू," मी म्हटलं.

निळ्याची पाळी आली तेव्हा मामांनी बाजारातला ठेवणीतला प्रश्न काढला. "हा काहून विकून राहिले तुमी?"

"खूप वापारलो ओ आजोबा. कितीक माणसां शिकली ह्याच्यार."

"म्हंजे थकलंय," मामा आमच्याकडं वळून म्हणाले. "पोट सुटलंय, चाल न्हाई, कडा फुटल्यात. म्हातारी म्हैस हाये ही. उगं दूध देती म्हणून गळ्यात मारून राहिला."

मी विचारलं, "दादा, पांढरा नवशिक्याला कसा?"

तो खरं बोलला, त्याचं पुण्य त्याला. म्हणाला, "पांढरो चपळ आसा. पण नवशिक्याक पाडता."

"पाडतंयच!" मामांनी मांडीवर थाप मारली. "तेजी जनावर पहिल्यांदा पाडतंयच. त्यातच त्याची जात कळती. शंकरपटात पहिला येणारा गोऱ्हा कधी सुधा, गरीब असतो का?" आणि इतक्या दिवसांत मी पाहिला नव्हता असा उजेड त्यांच्या तोंडावर आला. पान न खाताच लाल झाले.

इथं आमच्या माणसांची गंमत बघा. समुद्रावर उभं राहायला शिकणाऱ्या बाईसाठी आम्ही शर्यतीचा बैल निवडून राहिलो होतो. कोकणातल्या कोणा माणसाला ही चूक सुचली असती का? शक्य नाही. नवऱ्याचं म्हणणं पिवळा घे, दोघांच्या मधला आहे, कोणाचंच मन मोडत नाही. या माणसाला दुकानात चहा का कॉफी विचारलं तर तो दोन्ही मिसळून मागेल. आणि आत्याबाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "बाई, बुढ्याचा मान राख. लई दिसानं कोणी इचारलंय त्याला. घे ते पांढरं. तुला तरी रोज कुठं समुद्रात जायाचंय?"

"बाई, कुठलो पाठवू?" फोनमधून तो म्हणाला.

खरं सांगते, 'मामा म्हणतील तो' हे शब्द माझ्या ओठावर येऊन बसले होते. ते तिथंच राहतात, कायमचे भाडेकरू. मामांकडं पाहिलं. त्यांनी टोपी सरळ केली होती आणि ते वाट बघत होते, बाजारात शब्द टाकल्यावर बघतात तशी. म्हातारा माणूस, किती दिवसांनी खुश झालाय. काय बिघडतंय? एक फळी तर आहे. माळ्यावर पडून राहील, दिवाळीला झाडून-पुसून ठेवू.

आणि मग मला रागच आला. मामांचा नाही, माझाच. हे 'काय बिघडतंय' करत करत तर मी इथवर आले होते. मला त्या पाण्यातलं ते एक 'अगं बाई' आठवलं. माझा गुडघा आठवला. मी पटकन उडी मारून उभी राहणारी पोरगी नाही. मी आधी एक गुडघा टेकवते, मग दुसरा पाय आणते, मग देवाचं नाव घेते, मग उठते. माझं उठून होईपर्यंत जो खाली थांबून राहील असा बोर्ड मला पाहिजे होता. पळणारा काय करायचाय?

"निळा," मी म्हटलं. आवाज चिरकला, म्हणून परत म्हटलं, "निळा पाठवा दादा. नऊ फुटी."

फोनमध्ये समुद्र तेवढा वाजत होता.

"सूनबाई," मामा म्हणाले, "म्या पांढरा म्हणलं."

"व्हय मामा. ऐकलं म्या. तुमचा शंकरपटाला बराबर हाये. पण मला पळायचं न्हाई, मला उभं राहायचंय. मला सुधाच पाहिजे. मला निळाच पाहिजे."

या घरात आल्यापासून मी मामांसमोर 'मला पाहिजे' हे दोन शब्द एकत्र कधी उच्चारले नव्हते. मामा उठले. टोपी काढून खुंटीला लावली, उपरणं झटकलं आणि गोठ्याकडं निघून गेले. चहा नेला तर म्हणाले, ठेव तिथं. तो तसाच गार झाला आणि वर साय धरली. नवरा म्हणाला, "काहून बोललीस? मी समजावलं असतं ना हळूहळू." मी म्हटलं, "तुमचं हळूहळू म्हंजे मी रिटायर झाल्यावर." आत्याबाईंनी दिवसभर भांडी जरा जोरातच आपटली. आणि मी एकीकडं अपराधी आणि एकीकडं अशी हलकी, की भाकरी थापताना गाणं तोंडात येत होतं आणि मी ते गिळून राहिले होते.

बोर्ड ट्रॅव्हल्सच्या गाडीनं हिंगोलीला आला. तिथून काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून गावात आणला. रस्ताभर माणसं विचारत होती. फ्रिजचं दार आहे का? मोठ्या इस्त्रीचं टेबल? एका म्हाताऱ्यानं तर पुठ्ठ्यात गुंडाळलेलं ते लांबडं बघून टोपी काढून हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "कोणाच्या घरचं?" मी म्हटलं, "आजोबा, आमच्या घरचं, पण अजून कोणी मेलं न्हाई." ड्रायव्हर इतका हसला की गाडी नाल्यात जाता जाता राहिली.

घरी आल्यावर आत्याबाईंचा राग गेला. नवी वस्तू दारात आल्यावर ती बाई रागावून राहूच शकत नाही. त्यांनी बोर्डला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. मी शाळेत गेल्यावर त्यांनी आणखी एक उपकार केला. बोर्ड विटका दिसतो म्हणून त्याला खोबरेल तेल चोळलं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना चोळतात तसं, मन लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी घरी आले तर निळा रंग नव्यासारखा चमकत होता. मला वाटलं, व्वा, धुतला वाटतं. मामा समोर बाजेवर पाठ करून बसले होते. बोर्डकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं नाही असं आम्हाला दिसावं याची काळजी घेतली.

पुढच्या रविवारी मी सिद्धेश्वरला निघाले. मित्राचा पिकअप मागून आणलेला, नवरा चालवणार. गाडी सुरू झाली आणि मामा येऊन पुढच्या सीटवर बसले. नवरा म्हणाला, "बाबा, तुमी?" मामा समोरच बघत म्हणाले, "बुडताना कोणीतरी बघाया पाहिजे."

धरणाच्या फुगवट्याला, जिथं पाणी उथळ आणि शांत असतं, तिथं मासे धरणारे दोघं-तिघं जाळी सुकवत बसले होते. मी लाइफ जॅकेट चढवलं, दोरी घोट्याला बांधली. त्यांनी जाळी सोडून दिली आणि आमच्याकडं तोंड करून व्यवस्थित बसले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मी बोर्ड पाण्यात ढकलला, त्यावर पोट टेकवलं, आणि साबणाची वडी सटकावी तशी पलीकडच्या बाजूनं थेट पाण्यात गेले. वर आले. परत चढले. परत गेले. तिसऱ्यांदा मी बोर्डवर टिकले आणि बोर्डच माझ्या खालून निघून गेला. काठावर हसून हसून माणसं लोळायची बाकी होती. मला काही केल्या कळेना. मग हाताचा वास घेतला. खोबरेल!

"आत्याबाई!" मी धरणाच्या मधून घरापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले.

काठावर येऊन चिखल आणि वाळू घेऊन बोर्ड घासत बसले. नवराही खाली बसून घासायला लागला, तोंडातून हसू फुटत असताना. मी डोळे वटारले तसं त्यानं खोकल्याचं सोंग केलं. मामा लांब बाभळीखाली उभे होते. हातातली काठी जमिनीत रुतवून, तोंड वाकडं करून. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. पांढरा घेतला असता तर, असंच. आणि मला आतून धास्ती वाटायला लागली. समजा नसेलच जमत. समजा खरंच म्हैस असेल. मग घरात जन्मभर ऐकायचं, आणि ऐकण्यापेक्षा वाईट म्हणजे पुन्हा कधी मी काही निवडायला तोंड उघडायची नाही. मी स्वतःच उघडू द्यायची नाही.

परत पाण्यात गेले. पोट टेकवलं. या वेळी सरकले नाही. बोर्डनं मला धरलं. मी एक हात मारला, मग दुसरा. आणि तो निळा, जाडा, सुधा बोर्ड कसलीही घाई न करता पुढं निघाला. डुलला नाही, कलंडला नाही. मी हलले तर तो जरा थांबल्यासारखा व्हायचा. काठ मागं पडला. मी छाती उचलून पाहिलं, समोर नुसतं पाणी. मग हळूच एक गुडघा टेकवला, दुसरा पाय आणला, आणि पाणी स्थिर होतं म्हणा, लाट नव्हती म्हणा, पण मी उभी राहिले. दोन्ही पायांवर. सिद्धेश्वरच्या पाण्यावर उभी. मी हात पसरले होते आणि माझा ड्रेस चिखलानं माखला होता आणि मला कोणाचीही लाज वाटत नव्हती.

मग बसले, पालथी झाले आणि काठाकडं हात मारत यायला लागले. सकाळच्या शांत पाण्यावरून आवाज लांबून नीट ऐकू येतो. मासे धरणाऱ्यांपैकी एक जण मामांना ओळखत होता. कधीतरी त्याच्या बापाची बैलजोडी मामांनीच निवडली होती. तो म्हणाला, "मामा, काय बराबर तरंगून राहिलं हो! तुमीच पारखलं आसंल. तुमची नजर म्हंजे नजर."

माझे हात थांबले. मामांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी निवडलेल्या बैलांचं श्रेयसुद्धा असंच मान हलवून घेतलं होतं. घरातले सगळे त्यांना दुजोरा देणार होते, मीही दिला असता. आणि माझा बोर्ड मग त्यांचा झाला असता, बाकी सगळ्यासारखा, कोणाचं काही न बिघडता.

मामांनी काठी उपटली आणि परत रुतवली. "म्या न्हाई," ते म्हणाले. आवाजात अजून राग होता, गोडवा कणभर नव्हता. "म्या दुसराच सांगितला व्हता. सूनबाईनं माझं ऐकलं न्हाई. तिनं निवडलाय ह्यो."

पालथी पडल्या पडल्या मला रडू फुटलं. गुणाची सून, शब्दाबाहेर न जाणारी सून, कधी उलटून न बोलणारी सून, हे माझ्याबद्दल बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडं बोलून झालंय. 'माझं ऐकलं न्हाई' असं या घरातल्या कोणी चारचौघांत पहिल्यांदाच सांगितलं होतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी तशीच नाक ओढत काठ सोडून थोडी लांब गेले, बोर्ड वळवला, आणि मुद्दाम बाभळीच्या अगदी जवळून परत आले, म्हटलं, कोणीतरी मामांना अजून एकदा विचारावं.